जुना लॅपटॉप भंगारात काढावा का?

प्रश्न : २०१६ साली घेतलेल्या लॅपटॉपवर मी सोसायटीचे हिशेब लिहिते आणि बातम्या वाचते. ‘विंडोज १० बंद झालं, आता नवाच घ्या,’ असं दुकानदार म्हणतो. मशीन हळू चालतं, पण चालतं. काय करू? – एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : दुकानदार अर्धंच सांगतोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. मशीन मात्र बंद पडलेलं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. तुमचा लॅपटॉप बाद ठरला तो या अटींमुळे, झिजल्यामुळे नव्हे. मला हे पटत नाही, पण आहे हे असं आहे.

हळूपणाचं कारण बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क. ती काढून एसएसडी बसवा, जमल्यास रॅम ८ जीबी करा. फरक पहिल्याच दिवशी कळेल. मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून घ्या. ते फुकट आहे, मराठी टंकलेखन होतं, हिशेबाच्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. फक्त टॅली वापरत असाल तर हा मार्ग सोयीचा नाही. आधी सगळ्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

बिजागरी तुटली असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा. फुगलेली बॅटरी वापरू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.