शिसे, स्मरणशक्ती आणि आवळा

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. बंदुकीच्या गोळीत शिसे का भरतात? ते मऊ आणि पाण्याच्या ११.३ पट जड असते म्हणून. पण हेच शिसे कणाकणाने आपल्या पोटात गेले तर?

शिसे व कॅल्शियम यांच्या आयनांवर सारखाच, +२ विद्युतभार असतो. आकारही जवळपास सारखा. म्हणून शिसे कॅल्शियमचे सोंग घेऊन मेंदूत शिरते. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते कॅल्शियमच्या साहाय्याने. तेथे हा तोतया आला की निरोप बिघडतात आणि शिकलेले ध्यानात राहत नाही. शिवाय पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र कण वाढतात.

‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे हे कण निकामी करतात. उंदरांवरील प्रयोगांत त्यांमुळे स्मरणशक्तीची हानी काही अंशी कमी झालेली दिसली. माणसाची गेलेली स्मरणशक्ती मात्र जीवनसत्त्वांनी परत येते, असा पुरावा नाही.

मग उपाय कोणता? आहारात कॅल्शियम व लोह पुरेसे असले की आतड्यातून शिसे कमी शोषले जाते. नाचणीतून कॅल्शियम मिळते, पालेभाजीतून लोह. आणि ते लोह अंगी लागण्यास आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्व मदत करते. जेवणापूर्वी हात धुवा, जुन्या रंगाच्या पोपड्यांपासून लहान भावंडांना दूर ठेवा. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिसे शरीरात जाऊच न देणे, हेच खरे संरक्षण!