आठ तासांचा भागाकार

लंडनचे हीथ्रो आणि मुंबईचे सहार या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असून जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. सबब आठ तासांत मुक्कामी पोहोचावे, असा हिशेब कोणीही कागदावर मांडील. वेळापत्रक मात्र मुंबईकडे येताना सुमारे नऊ आणि लंडनकडे जाताना सुमारे दहा तासांचा अवधी दाखवते. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा आणि हिवाळ्यात अधिकच प्रबळ होणारा वायुझोत येताना पाठीशी असतो व जाताना समोरून अडवतो, शिवाय हा अवधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत मोजलेला असतो. २०१९च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, तेव्हा वळसा पडून तेच अंतर लांबले, तो भाग निराळा.

भाचीच्या लग्नासाठी आम्ही लंडनहून मुंबईमार्गे नागपूरला निघालो, तेव्हा तिकिटांची तजवीज करणाऱ्या एजंटाने मुंबई-नागपूर विमानाचे स्वतंत्र तिकीट मध्ये तीन तास राखून काढले आणि ‘‘भरपूर झाले, साहेब,’’ अशी ग्वाहीही दिली. किनारा जवळ आला, तसा समोरच्या पडद्यावरचा उर्वरित अंतराचा आकडा ६५ वरून ८०, ८० वरून ९५ असा चढू लागला: मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि आमचे विमान रांगेत घिरट्या घालीत होते. पुढे पारपत्राची तपासणी, सामानाचा फिरता पट्टा, जकात आणि सहारहून सांताक्रूझच्या टर्मिनलपर्यंतचा रस्ता, एवढे सोपस्कार उरकून पोहोचलो, तो खिडकी बंद! दोन तिकिटे म्हणजे दोन करार. त्यामुळे पहिल्या कंपनीवर दुसऱ्या विमानाची कसलीच जबाबदारी नव्हती आणि नागपूरचे पैसे बुडाले.

यास्तव परदेशातून येऊन पुढे जाणाऱ्यांनी संपूर्ण प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावा, म्हणजे विलंबामुळे पुढचे विमान चुकल्यास पर्यायी व्यवस्था कंपनीकडे हक्काने मागता येते. स्वतंत्र तिकीट अपरिहार्यच असेल, तर सुटण्याच्या वेळेपासून नव्हे, तर साधारण तासभर आधी खिडकी बंद होते तेथपासून उलट मोजणी करावी आणि दोन्ही विमाने कोणत्या टर्मिनलची, याची खातरजमा करावी. तिकिटावरील वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. लंडन मुंबईच्या मागे हिवाळ्यात साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तास असते, हे ध्यानी ठेवूनच घरच्यांना गाडी घेऊन बोलवावे. आणि ज्या कार्याला मुहूर्त आहे, त्यासाठी आदल्या दिवशीचे विमान धरावे. मुहूर्त तहकूब करण्याचा अधिकार कोणत्याही विमान कंपनीला नसतो.