थंडींतून वांचलेलीं कंदमुळें

अमेरिकेंतील मिसूरी, आयोवा आदि राज्यांत हरणांच्या शिकारीचे शौकीन लोक रानालगत जमिनीचे लहान पट्टे राखून त्यांत सलगम व मुळा पेरतात. पेरणी उन्हाळ्याच्या अखेरीस होते. हरणें आधीं पाला खातात व पुढें कडाक्याच्या थंडींत जमीन उकरून मुळें खातात. पारा शून्याखालीं चार-पांच अंश उतरून कांहीं रात्री तसाच राहिला म्हणजे मुळा मरून कुजतो. सलगम याहून अधिक थंडी सोसतो. परंतु हिवाळा सौम्य गेला, तर वसंतांत उरलेल्या मुळांच्या माथ्यावर पुन्हां पालवी फुटते. ती पाहून बियाण्याच्या खर्चावांचून दुसरें पीक मिळालें असें वाटणें साहजिक आहे. पण तो हिशेब चुकीचा होय.

मूळ म्हणजे झाडानें पहिल्या हंगामांत राखलेली शिल्लक. सलगम, गाजर यांसारख्या द्विवर्षायु झाडांनीं थंडीचा काळ भोगला कीं, ही शिल्लक दांडा, फुलें व बीं यांवर खर्ची पडूं लागते. मूळ पुन्हां पोसत नाहीं. तें निबर व काष्ठमय होतें. जनावरांस थोडे दिवस कोवळा पाला मिळतो, इतकाच लाभ. शेंगा पिकूं दिल्यास बीं गळून पुढील पिकांत तेंच तण होतें. यास्तव शेंगा भरण्यापूर्वीं माथ्याखालीं मूळ तोडून झाडें नांगरून टाकावींत. माथा शाबूत राहिल्यास पुन्हां फुटवा येतो.

आमच्या वाचकांस या गोष्टीचा उपयोग बियाण्यासंबंधानें आहे. विलायती सलगम व गाजर यांस फुलण्यास पुष्कळ थंडी लागते, म्हणून त्यांचें बीं काश्मीर, कुलू अशा थंड मुलखांत धरतात. देशी मुळा मात्र आपल्याकडील हवेंतही डिंगऱ्या धरतो. परंतु जो मुळा सर्वांआधीं दांडा टाकतो, तोच बियाण्यास राखण्याची चाल आम्हीं पाहिली आहे. ती घातक आहे. त्याची संततिही मूळ पोसण्यापूर्वीं फुलावर येते.

बीं धरावयाचें असल्यास पीक खाण्याजोगें होतांच मुळे उपटून त्यांतील सरळ, भरदार तेवढे निवडावे. खालचा तिसरा भाग व वरचा पाला छाटून, मधला कोंब राखून, ते पुन्हां लावावे व पाणी द्यावें. जवळपास दुसऱ्या जातीचा मुळा फुलूं देऊं नये, कारण मधमाशा पराग नेऊन भेसळ करतात. कोणता मुळा बाजारास न्यावयाचा व कोणता बियाण्यास ठेवावयाचा, हें दांडा येण्यापूर्वींच ठरविलें पाहिजे.