नळी औषध पिते तेव्हा

लोणचे ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा कितीही घासा, त्याचा वास व पिवळेपणा जात नाही. स्टीलचा डबा मात्र लगेच स्वच्छ होतो. सलाइनच्या नळीतही असेच घडते.

हृदयविकारात नायट्रोग्लिसरीन थेंबाथेंबाने शिरेतून देतात. नळी मऊ पीव्हीसीची असेल, तर ते तिच्या भिंतीत विरघळत जाते. बाटलीतील प्रमाण अचूक, थेंबांची गतीही अचूक. तरी काही वेळा निम्म्याहून अधिक औषध रुग्णापर्यंत पोचतच नाही! हे झाले शोषण. पॉलिएथिलीनच्या नळीत ही घट नगण्य असते. म्हणूनच मध्येच नळी बदलली आणि गती तीच ठेवली, तर मात्रा एकदम वाढून रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो.

आता थोडे गणित करू. नळीचा आतील व्यास ३ मि.मी. व लांबी १५० सें.मी. धरा. तिच्यात सुमारे १०.६ मि.लि. द्रव मावतो. ताशी ६० मि.लि. गतीने तो नळीत सुमारे ११ मिनिटे राहील. ताशी ३ मि.लि. गतीने साडेतीन तास! गती मंद, तर घट जास्त.

इन्शुलिन मात्र भिंतीत शिरत नाही, पृष्ठभागाला चिकटते. हे अधिशोषण. पृष्ठभागावरील जागा भरत आल्या, की ते मंदावते. म्हणून सुमारे २० मि.लि. द्रावण आधी नळीतून सोडून टाकून देतात.

नळीचा व्यास निम्मा केला, तर दर मिलिलिटरमागे भिंतीचे क्षेत्रफळ किती पट होईल? काढा पाहू!