शुकाचे बेटावरील आप्त : मॉरिशसच्या एको पोपटाचे संकट

भारतीय साहित्यात शुक हा मानवाचा सहवासी आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त तो निवेदक होतो, ‘शुकसप्तती’त कथा सांगून गृहिणीला घरी थोपवितो, तर जात्यावरच्या ओवीत राघू म्हणजे आईचा लाडका मुलगा. आपल्या परिचयाच्या कंठवाल्या पोपटाचा एक निकटचा आप्त मात्र या सहवासापासून दूर, हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर राहतो. एको पोपट हे त्याचे नाव. तो अंगाने अधिक भरदार, रंगाने गडद व शेपटीने आखूड असतो. शेजारच्या रियुनियन बेटावरील त्याचे भाईबंद अठराव्या शतकातच नामशेष झाले.

या पक्ष्यावरील संकटाचे मूळ अरण्यनाशात आहे. ऊस व अन्य लागवडींसाठी जंगल तोडले गेले. आज मूळ स्वरूपातील अरण्य दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. या पोपटाचे अन्न म्हणजे देशी वृक्षांची फळे, फुले व पाने. त्याचे घर म्हणजे जुन्या वृक्षांच्या ढोली. वृक्ष गेले तेव्हा दोन्ही गेली. उरलेल्या रानात परदेशी पेरूची झुडुपे माजून देशी रोपांना वाढू देईनात. बाहेरून आलेले उंदीर व माकडे अंडी-पिल्ले खाऊ लागली. १८८६ च्या सुमारास कंठवाला पोपटही माणसाच्या हातून तेथे पोहोचला आणि ढोलींसाठी प्रतिस्पर्धी ठरला. साहित्यातील लाडका शुक आपल्याच आप्ताच्या घरावर हक्क सांगू लागला, हा या कथेतील विरोधाभास होय.

१९८० च्या दशकात ज्ञात एको पोपट जेमतेम दहा-बारा उरले होते. पुढे बंदिवासातील प्रजनन, कृत्रिम घरटी, पूरक आहार व भक्षकांचे नियंत्रण यांमुळे संख्या सातशेच्या पुढे गेली. २००७ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात व २०१९ मध्ये ‘असुरक्षित’ वर्गात त्याची नोंद झाली.

तथापि संकट टळले असे म्हणता येत नाही. मूठभर पूर्वजांपासून वाढलेल्या या समूहात जनुकीय वैविध्य मर्यादित आहे. चोच व पिसे यांना ग्रासणाऱ्या विषाणूचा प्रादुर्भावही त्यात झाला आहे. वादळांचे भय कायम आहे. मुख्य म्हणजे अरण्य परतलेले नाही. जोवर ढोली व अन्न माणसाने पुरवावे लागते, तोवर हा पक्षी रानात असूनही माणसाचा आश्रितच राहतो. साहित्यातील शुकाला पिंजरा लाभला व कीर्तीही लाभली. त्याच्या बेटावरील आप्ताला हवा आहे तो केवळ जुना वृक्ष.