एलीयाची झोप आणि थोड्या दिवसांचे औषध

शास्त्रभाग : १ राजे १९:१-१६. जोडवाचन : यशया ३८:१-२१, १ तीमथ्य ५:२३.

शब्बाथशाळेत एलीयाचा पाठ घेताना आपण बहुधा कर्मेल डोंगरापाशीच थांबतो. अग्नी उतरला, लोक पालथे पडले, पाऊस आला. मुलांना गोष्ट आवडते आणि शिक्षकालाही शिकवायला सोपी जाते. पुढचा अध्याय मात्र आपण घाईने उरकतो. कालचा विजयी संदेष्टा आज ईजबेलीच्या एका निरोपाने जीव घेऊन पळतो, बैर-शेबा येथे आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट रानात चालून जातो आणि एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. हे वर्गात कसे सांगावे, असा शिक्षकाला संकोच वाटतो. आम्हांलाही पुष्कळ वर्षे तसाच वाटत असे.

आता देवाने काय केले ते पाहा. तो एलीयाला रागे भरला नाही. तुझा विश्वास कोठे गेला, असे त्याने विचारले नाही. त्याने त्याला निजू दिले. मग दूताने स्पर्श करून उठविले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलीया जेवला आणि पुन्हा निजला. त्याबद्दलही दूताने बोल लावला नाही. दुसऱ्यांदा उठवून त्याने पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. ‘तू येथे काय करतोस?’ या अर्थाचा प्रश्न देवाने विचारला खरा, पण तो होरेबात, चाळीस दिवसांनंतर. झुडपाखाली नव्हे. शिक्षकांनी हा क्रम फळ्यावर लिहून ठेवावा : आधी झोप, मग भाकर, मग वाटचाल, आणि त्यानंतर संभाषण.

आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या लक्षात फार उशिरा आली. दूत भाकर घेऊन दोनदाच आला. पुढचे चाळीस दिवस एलीया आपल्या पायांनी चालला. ती मदत थोड्या वेळेपुरती होती, पण त्या वेळी ती मिळाली नसती तर होरेबची वाट चालायला कोणी उरलेच नसते.

हा पाठ आम्हांला का शिकावा लागला, ते आता सांगतो.

सचिन हे सुरतेच्या दक्षिणेचे, भेस्तान आणि मरोली यांच्या मधले स्टेशन. आमच्या मंडळीतील बहुतेक कुटुंबे नंदुरबार, नवापूर, धुळे, अमळनेर या बाजूंची, उधना-जळगाव लाईनवरून पोटासाठी इकडे आलेली. कोणी सांच्यावर, कोणी डाईंग मिलमध्ये, कोणी रसायनांच्या कारखान्यात. येथल्या माणसाला मनावर घाव बसण्यासाठी दूर जावे लागत नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे येथील औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रसायनाच्या विषारी वायूने सहा कामगार मेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, तीत सात जणांचे मृतदेह सापडले. ६ जुलै २०२४ रोजी पाली गावात कामगार राहत असलेली इमारत कोसळली, तेथेही सात. या प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी मेलेल्यांची संख्या छापली. ज्यांची झोप गेली त्यांची मोजदाद कोण करणार?

आमच्या ज्या बंधूविषयी लिहीत आहोत (त्यांच्या परवानगीने, नाव न देता), त्यांच्यावर असा अपघात कोसळला नव्हता. त्यांच्यावर कर्ज होते. गावाकडच्या भावासाठी घेतलेले पैसे फिटेनात, वसुलीवाले खोलीपर्यंत येऊ लागले, आणि बंधूंची झोप उडाली. छातीत धडधड, हातापायांना कंप, अन्नावर वासना नाही. आठ-नऊ रात्री अशा गेल्यावर बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर त्यांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, “भाऊ, चार दिवस झोप लागेल अशी गोळी डॉक्टरांकडून मागितली, तर विश्वास कमी पडला असं होईल का?”

आम्ही म्हणालो, “गोळीची सवय लागते. प्रभूवर भार टाका.” आणि प्रार्थना करून त्यांना घरी पाठविले.

आमच्याजवळ ईश्वरज्ञानाची पदविका आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा तो परवाना नव्हता. बंधूंनी आमचा शब्द मानला, पण झोप काही आमचा शब्द मानीना. आधी ते जवळच्या एका दवाखान्यात गेले आणि “अशक्तपणा वाटतो, चक्कर येते” एवढेच बोलले. तेथे त्यांना सलाईनची बाटली लावली. मग शेजारच्या खोलीतल्या माणसाकडून कसल्याशा गोळ्या घेतल्या आणि त्या खाऊन रातपाळीला गेले. यंत्रावर डुलकी लागली आणि दोन बोटांची पेरे गेली. पट्टी बांधून घरी आल्यावर त्यांनी पत्नीला सांगितले की आता जगू नये असे वाटते. त्या माउलीने रात्री साडेबारा वाजता आम्हांला बोलाविले. ती रात्र आम्ही तिघांनी जागून काढली. त्या रात्री आम्ही त्यांना एकही वचन वाचून दाखविले नाही. वाचण्याचा धीरच आम्हांला झाला नाही.

सकाळी आम्ही त्यांना सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात नेले. डॉक्टर गुजरातीत विचारीत, बंधू अहिराणीत उत्तर देत, आणि मध्ये आम्ही. तेथे पहिल्यांदा ते खरे बोलले : इतक्या रात्री झोप नाही, मरणाचे विचार येतात, आणि “साहेब, थोडे दिवस झोप लागेल असं काही द्या, तेवढ्यात मी सावरेन.” डॉक्टर चिडले नाहीत. दारू पिता काय, दुसऱ्याच्या गोळ्या किती घेतल्या, झोपेत घोरता काय, यंत्रावर काम आहे काय, घरात कोणाला पूर्वी असा आजार होता काय, असे पुष्कळ विचारून त्यांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली, ती फक्त सात दिवसांची. दुसरे औषध हळूहळू गुण देणारे दिले. औषधाची पाकिटे पत्नीने आपल्याजवळ ठेवावीत आणि आठवड्याने सर्वांनी पुन्हा यावे, असे सांगितले. दोन आठवडे रातपाळी बंद, अशी चिठ्ठीही दिली. ठेकेदार कुरकुरला, कुरकुरू दे.

ही रात्रीची गोळी म्हणजे काय, हे शिक्षकांनी थोडे समजून घ्यावे, कारण वर्गात तिच्याविषयी निम्मी भीती आणि निम्मे अज्ञान असते. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम ही एकाच घराण्यातील औषधे. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून या घराण्यातील पहिले औषध १९६० मध्ये आणि डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. ती लवकर, बहुधा तासाभरात, गुण देतात. म्हणूनच त्या काळी ती वर्षानुवर्षे दिली गेली, आणि मग सवयीचे दुखणे उघडकीस आले. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषधसमितीने डॉक्टरांना बजावले की ती तीव्र आणि माणसाला निकामी करणाऱ्या चिंतेवरच द्यावीत, आणि दोन ते चार आठवड्यांपुरतीच. म्हणजे “सवय लागते” हे आमचे बोलणे अगदी खोटे नव्हते. पण ते सांगण्याचे काम डॉक्टरांचे होते, आणि त्यांनी ते दिवस मोजून केले. आम्ही मात्र दारच बंद केले.

उदासीनतेवरचे दुसरे औषध निराळे. त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. पुष्कळ लोक आठ दिवसांत “काही फरक नाही” म्हणून ते सोडून देतात, तसे करू नये.

डॉक्टर नाही म्हणाले तर? तेही होऊ शकते, आणि त्यात अपमान नाही. अपघात पाहिलेल्या किंवा घरचे माणूस डोळ्यांदेखत गमावलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात केवळ झोप लागत नाही म्हणून या घराण्यातील गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सुचविले आहे. सचिनसारख्या ठिकाणी हे विशेष ध्यानात ठेवावे. म्हणून गोळीचे नाव घेऊन हट्ट धरू नये. आपले हाल सांगावेत, थोड्या दिवसांसाठी काही देता येईल काय असे विचारावे, आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. मात्र मरणाचे विचार येत असतील तर औषध मिळो वा न मिळो, तेवढे सांगितल्यावाचून उठू नये.

आपले लोक डॉक्टरांपुढे शरीराचेच सांगतात : डोके जड, अंगात कणकण, पित्त. मनाचे सांगायला जीभ रेटत नाही. यासाठी एक साधा उपाय. आदल्या दिवशी कागदावर लिहून न्यावे की किती रात्री झोप नाही, काय खाल्ले जाते, कोणता विचार पुन्हा पुन्हा येतो, दुसरी कोणती औषधे चालू आहेत. स्त्री गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल तर तेही. दारूविषयी लपवू नये. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे लोक डॉक्टरांपुढेही लपवितात. पण डॉक्टर म्हणजे पोलीस नव्हे, आणि दारूवर ही गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. उठण्यापूर्वी विचारावे की गोळी किती दिवस, बंद कशी करायची, पुन्हा कधी यायचे, आणि यंत्रावर किंवा गाडीवर बसता येईल काय. पुष्कळ दिवस घेतलेली गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, आपली शेजाऱ्याला देऊ नये. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम यांची विक्री औषधदुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवावी, असा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. चिठ्ठीवाचून देणारा दुकानदार आपला उपकारकर्ता नव्हे.

ठेकेदाराला किंवा मंडळीला कळेल ही भीती अनेकांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे आणि त्याला शिक्षा करू नये, असेही तोच कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणाला घरात कोंडून ठेवू नये.

कोंडून ठेवण्यावरून डॉ. विल्यम केरी यांच्या घरची गोष्ट आठवते. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये ज्यांनी छापला, ते हेच केरी. १७९४ मध्ये बंगालात त्यांचा पाच वर्षांचा पीटर वारला आणि त्यानंतर पत्नी डोरोथी यांचे मन बिघडले. पुढची बारा-तेरा वर्षे, ८ डिसेंबर १८०७ रोजी त्यांचा अंत होईपर्यंत, त्या बरे झाल्या नाहीत. पुष्कळ काळ त्यांना खोलीत बंद ठेवावे लागले, आणि त्याच घरात भाषांतराचे काम चालू होते. त्या काळी कोणत्याही वैद्याजवळ देण्यासारखे काही नव्हते. केरींच्या जागी आपण असतो आणि कोणी आपल्याला एक चिठ्ठी लिहून देऊ शकला असता, तर आपण ती नाकारली असती काय?

हिज्कीयाचे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. देवाने त्याची प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षे वाढवून दिली, आणि तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिले. ‘थोडा’ या शब्दाकडे वर्गाचे लक्ष वेधावे.

आमच्या बंधूंना पाचव्या रात्री सलग सहा तास झोप लागली. कर्ज तेवढेच होते, बोटेही परत आली नाहीत. पण दहाव्या दिवशी ते पंचांसमोर बसून कर्जाचा हिशेब नीट सांगू शकले, आणि दोन पंच त्यांच्याबरोबर सावकाराकडे जाऊन हप्ते ठरवून आले. रात्रीची गोळी डॉक्टरांनी आणखी एक आठवडा देऊन, अर्धी करीत, बंद केली. दुसरे औषध आठ महिने चालले. मध्ये एकदा ते पुन्हा ढासळले. तेव्हा मात्र त्यांनी आम्हांला विचारले नाही, सरळ डॉक्टरांकडे गेले. आम्हांला बरे वाटले.

शिक्षकांसाठी सूचना : हा पाठ घेण्यापूर्वी १४४१६ हा आकडा फळ्यावर लिहावा. ही ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेली-मानस सेवा असून फोन विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते. जीव धोक्यात असेल तर १०८. सुरतेत नवीन सिव्हिल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर या दोन्ही इस्पितळांत मानसोपचार विभाग आहेत. मंडळीतील एखाद्या बहिणीने किंवा भावाने केसपेपर कोठे निघतो ते आधीच पाहून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

वर्गात प्रश्न विचारावा की एलीयाने चाकराला बैर-शेबात का ठेवले असेल. आमच्या वर्गात याचे उत्तर त्या बंधूंच्या पत्नीने दिले. ती म्हणाली, “अशा वेळी माणसाला कोणीच नको वाटतं. म्हणून तर मी ह्यांच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत गेले.” वचने ९ ते १६ यांना वेळ उरला नाही, ती पुढच्या रविवारी घेतली.