खनिजमिश्रित जलशोषक कण : घडण आणि परीक्षा

सन २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या पुष्कळ बागा उभ्या वाळल्या, हें बागाइतदारांस सांगावयास नको. ज्यानें एकदां असें नुकसान सोसलें, त्याला ‘मूठभर घाला, पाणी धरून ठेवील’ असें सांगून विकले जाणारे कण मोहांत पाडतात. हे कण काय आहेत, कसे होतात व विकत घेण्यापूर्वीं त्यांची परीक्षा घरच्या घरीं कशी करावी, याचा येथें विचार करूं.

असे पदार्थ प्रथम अमेरिकेच्या कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेंत पिष्टापासून तयार झाले. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें सेल्युलोजच्या आधारावर ‘पुसा हायड्रोजेल’ काढलें. त्याची मात्रा एकरीं १ ते २ किलो सांगितली जाते व शुद्ध पाणी तें आपल्या वजनाच्या सुमारें ३५० पट घेतें.

खनिजमिश्रित प्रकारांत अ‍ॅक्रिलिक आम्ल हा मुख्य पदार्थ होय. तें कॉस्टिक पोटॅशनें बरेंचसें निवळतात, त्यांत बारीक बेंटोनाइट माती कालवितात, रेणूंच्या सांखळ्या एकमेकींस बांधणारें द्रव्य अत्यल्प घालतात आणि नत्रवायूंत ६० ते ८० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर पर्सल्फेटच्या योगें तें आळवितात. जो खरवसासारखा गोळा होतो तो कापून, धुऊन, वाळवून दळतात. मातीचें प्रमाण साधारणतः शेंकडा ५ ते २० असतें. मातीनें किंमत उतरते व फुगलेला कण दाबाखालीं चिरडत नाहीं. परंतु माती अधिक झाली कीं सांखळ्या आंखडतात व शोषण घटतें. हें काम घरीं मात्र करूं नये. अ‍ॅक्रिलिक आम्ल कातडी जाळतें, आणि कांहीं कृतींत लागणारें अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंस विषारी आहे.

बेंटोनाइट कच्छांत व बाडमेरकडे सांपडतें. त्यांतील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, आणि आपल्या काळ्या जमिनीची चिकणही बहुतांशीं त्याच जातीची आहे. म्हणूनच भारी काळ्या रानांत या कणांचा फरक फारसा दिसत नाहीं. तेथें जमीन स्वतःच पाणी धरते. मुरमाड, हलक्या रानांत तो दिसूं शकतो.

आतां परीक्षा. सोनाराच्या कांट्यावर १ ग्रॅम कण तोलून मलमलीच्या पिशवींत बांधावे व लिटरभर पाण्यांत रात्रभर ठेवावे. सकाळीं पिशवी पाव तास टांगून निथळूं द्यावी व तोलावी. समजा वजन १२६ ग्रॅम भरलें आणि तशीच भिजलेली रिकामी पिशवी ६ ग्रॅम आहे. तर ओले कण १२०, त्यांतून मूळचा १ वजा जातां ११९ पट शोषण झालें. हा प्रयोग एकदां पावसाच्या पाण्यांत व एकदां स्वतःच्या विहिरीच्या पाण्यांत करावा. दुसरा आंकडा पहिल्याहून पुष्कळ खालीं येईल, कारण जड पाण्यांतील चुना व मॅग्नेशियम सांखळ्यांना घट्ट आवळतात. पुडीवरचा आंकडा शुद्ध पाण्याचा असतो. शेतकऱ्याला आपल्या विहिरीचा आंकडा हवा. तेच कण सावलींत वाळवून चार-पांच वेळां पुन्हां भिजवावे. दर वेळीं शोषण उतरत गेलें तर माल टिकाऊ नाहीं. कण न फुगतां पाणी गढूळ होऊन मलमलींतून चिखल गळूं लागला, तर पुडींत बहुधा नुसती माती आहे असें समजावें.

पिशवींतली परीक्षा पुरेशी नव्हे, कारण जमिनींत कणांवर मातीचा दाब असतो. यास्तव आपल्याच रानाची माती घालून सहा सारख्या कुंड्या भराव्या, तिहींत कण मिसळावे, सर्वांत एकाच जातीचें रोप लावून सारखें पाणी द्यावें, मग पाणी तोडून रोप माना टाकीपर्यंतचे दिवस मोजावे. एकेका कुंडीवर विसंबूं नये; एखादें रोप मुळांतच नाजूक असतें.

किती पाणी मिळेल याचा हिशेब विक्रेता सहसा मांडीत नाहीं. एकरीं २ किलो कण, ३५० पटीनें, ७०० लिटर पाणी धरतील. एक एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर. म्हणजे हा सांठा मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाहूनही कमी. आणि जड पाण्यांत त्याहून कमी. सबंध रानांत फेंकून दुष्काळ टळेल, ही आशा व्यर्थ आहे. तेच कण बियाण्याच्या तासांत किंवा नव्या कलमाच्या खड्ड्यांत मुळांजवळ पडले, तर गोष्ट निराळी. खड्ड्यास २० ग्रॅम घातले व विहिरीच्या पाण्यांत शोषण १०० पट भरलें, तर दर पाण्याला फार तर २ लिटर सांठा होतो. कोवळ्या कलमास तो दोन पाण्यांतील ओढ सोसावयास उपयोगी पडेल. फळावर आलेल्या मोसंबीच्या झाडास उन्हाळ्यांत रोज पन्नास लिटरांहून अधिक पाणी लागतें. त्याच्यापुढें २ लिटरांची कथा ती काय! तेथें ठिबक व आच्छादन यांवर पैसा घालणें बरें.

खरेदी करतांना पोटॅशचा माल मागावा. सोड्याचा माल, विशेषतः चोपणाकडे झुकणाऱ्या जमिनींत, टाळावा. कण कोरड्या डब्यांत झांकून ठेवावे, आणि खड्ड्यांत कोरडेच, मातींत नीट मिसळून, वीतभर खोल घालावे. वर राहिलेले कण उन्हानें लौकर निकामी होतात.